न लावलेलं कोरल पुन्हा पुन्हा उगवतंय? आधी ओळख, मग जागा

घरातली खाऱ्या पाण्याची कोरलची टाकी. पाणी बाहेर जायच्या वाटेवरच्या, म्हणजे ओव्हरफ्लोच्या, जाळीवर दोन मिलिमीटरचा तपकिरी ठिपका. मागच्या काचेच्या कोपऱ्यात तसाच दुसरा. पंधरा दिवसांनी निळ्या दिव्यात बघितलं तर ठिपक्याभोवती आणखी चार ठिपके, आणि त्यातून केसाएवढी शुंडकं बाहेर. हे कोरल तुम्ही आणलेलं नाही, चिकटवलेलं नाही. खरवडून टाकलं की महिन्याभरात टाकीत दुसरीकडे कुठेतरी हजर. तुमची तक्रार अशी असेल तर पुढचं नीट वाचा. माझ्या टाकीत हे चौदा महिने चाललंय आणि त्यातला पहिला जीव मी माझ्या हाताने मारलेला आहे. तुमच्याकडून तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

माझी टाकी पुण्यात कर्वेनगरला, तीन फुटी, १९० लिटरची. खालची गाळणटाकी, म्हणजे संप, धरून पाणी साधारण २३० लिटर. त्यात कोरलं अशी: एक मोठं पोसिलोपोरा, दोन टॉर्च, थोडे झोआ आणि एक लेदर. पहिला ठिपका टॉर्चपासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर दगडाला आला. तपकिरी, अर्धपारदर्शक, हात जवळ नेला की आत जाणारा. मी तो ऐपटेशिया हा उपद्रवी समुद्रफुलाचा प्रकार समजले आणि सिरिंजने त्यावर चुन्याची घट्ट पेस्ट सोडली. दुसऱ्या दिवशी तिथे पांढरा टिकलीएवढा डाग उरला होता. बाबांकडे घड्याळं दुरुस्त करायचं दहापट भिंग आहे. दगड बाहेर काढून त्यांनी ते डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अगं, इथे चांदणीसारख्या रेघा आहेत. मऊ प्राण्याला असला सांगाडा कुठून येईल?"

रेघा सहाच्या पटीत होत्या. ते कोरल होतं.

आधी हे कोरलच आहे का?

मोबाइलच्या फोटोवर ठरवू नका. तीन गोष्टी लागतात: भिंग, लाकडी टूथपिक आणि रात्रीची वेळ. टाकीचे दिवे बंद झाल्यावर तासाभराने लाल बॅटरी लावून बघा, कारण बहुतेक पॉलिप, म्हणजे कोरलचे एकेक तोंडाचे बारीक जीव, तेव्हा पूर्ण उघडतात. मग टूथपिकने बुडाला हलकेच स्पर्श करा. बूड टणक लागलं आणि वरचा मऊ भाग आत ओढला गेला तर कडक कोरलची शक्यता जास्त. बूड मऊ लागलं, घसरलं, किंवा अख्खा जीव दगडाच्या भोकात गुडूप झाला तर तो ऐपटेशिया समजा. ऐपटेशियाला लांब देठ आणि टोकाकडे निमुळती होत जाणारी शुंडकं असतात. त्याचाच भाऊबंद माजानो बुटका असतो आणि त्याच्या शुंडकांची टोकं फुगीर असतात. हे दोन्ही खरवडायचे नाहीत. ऐपटेशियाच्या तळव्याचा तुकडा मागे राहिला तर त्यापासून नवा जीव तयार होतो. म्हणजे ब्लेड फिरवणारा माणूस त्याची लावणीच करत असतो. चुन्याची पेस्ट यांच्यासाठी आहे, पण ओळख पटल्यावरच.

काचेवरच्या पांढऱ्या, एक-दोन मिलिमीटरच्या गोल वेटोळ्या बघून अनेकजण घाबरतात. ते स्पायरॉर्बिड किडे, निरुपद्रवी. दगडावरची कडक, वाकडी नळी आणि तिच्या तोंडातून सुटलेलं चिकट जाळं म्हणजे व्हर्मेटिड गोगलगाय. ती जाळ्याने शेजारच्या कोरलला हैराण करते, पण ती कोरल नव्हे. लाइव्ह रॉकच्या, म्हणजे जीवांनी भरलेल्या समुद्री दगडाच्या, खालच्या बाजूचा गडद लाल खवलाही बहुतेक वेळा होमोट्रेमा नावाचा एकपेशीय जीव असतो. त्याला पॉलिप नसतात, भिंगाखाली हे लगेच कळतं.

आठच शुंडकं आणि प्रत्येकाला पिसासारख्या कडा असतील तर तुमच्याकडे मऊ कोरलांपैकी काही आलंय: झेनिया, ग्रीन स्टार किंवा लेदरचं पिल्लू. झेनिया आणि ग्रीन स्टार मुख्य दगडावर पसरायच्या आत वेगळ्या दगडावर न्या. नंतर ते आवरत नाहीत.

आता धोक्याची गोष्ट, आणि ती मी घाईत उरकणार नाही. सपाट तबकडी, कडेने दुहेरी रांगेत आखूड शुंडकं, मध्ये चिरेसारखं तोंड असं दिसलं तर ते झोआ किंवा पॅलिथोआ आहे. काही पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. असा दगड उकळायचा नाही, गरम पाण्याने धुवायचा नाही, ब्रशने घासायचा नाही. वाफेतून आणि तुषारांतून विष श्वासात जाऊन घरातली सगळी माणसं रुग्णालयात गेल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. हलवायचाच असेल तर दगडाचा तुकडाच पाण्याखाली तोडून हलवा, पॉलिपला चाकू लावू नका. हातात नायट्राइल मोजे, डोळ्यांवर चष्मा हवाच, हाताला कापलेलं असेल तर काम पुढे ढकला. मुलं आणि कुत्री-मांजरं त्या खोलीत नकोत. नंतर तोंडाला धातूसारखी चव, धाप, छातीत दडपण, थंडी-ताप असं काही जाणवलं तर वाट न बघता रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हा शब्द लिहून द्या. त्यांच्यासमोर असा रुग्ण क्वचितच येतो.

यातलं काहीच नसेल, बूड टणक असेल आणि ठिपका दर आठवड्याला कडेने वाढत असेल, तर दीड-दोन महिने थांबा. तोवर आकार बोलायला लागतो. अंगभर बारीक उंचवटे आणि प्रत्येक उंचवट्यावर बरेच पॉलिप दिसले तर पोसिलोपोरा. बोथट फांद्या आणि प्रत्येक पॉलिपच्या खळीवर छोटी टोपी असेल तर स्टायलोफोरा. सुईसारख्या बारीक फांद्या आणि ओळीने लावल्यासारखे पॉलिप असतील तर सेरियाटोपोरा, ज्याला आपण बर्ड्स नेस्ट म्हणतो. जातीच्या पुढच्या नेमक्या नावात अडकू नका. पोसिलोपोरात आपण सर्रास डॅमिकॉर्निस म्हणून ओळखतो त्यातलं बरंचसं आता अक्यूटा या वेगळ्या जातीत धरलं जातं, आणि घरी बसून तो फरक सांगणं अवघड आहे. हलवण्यासाठी वंश कळला की पुरतं.

खरवडलं तरी पुन्हा का येतं?

कारण ते उरलेल्या तुकड्यातून येत नाही, आईकडून, म्हणजे टाकीतल्या मोठ्या वसाहतीकडून, येतं. स्टायलोफोरा, सेरियाटोपोरा आणि पोसिलोपोरातल्या काही जाती अंडी पाण्यात सोडून मोकळ्या होत नाहीत. पिल्लं पॉलिपच्या आत वाढवतात आणि तयार झालेली अळी, म्हणजे प्लॅन्युला, बाहेर सोडतात. पोसिलोपोराची प्लॅन्युला साधारण एक मिलिमीटरची असते आणि आईकडचं शैवाल अंगात घेऊनच निघते, म्हणजे शिदोरी बांधूनच. समुद्रात हे सोडणं महिन्याच्या चंद्रकलेशी जोडलेलं असतं. पोसिलोपोराच्या बऱ्याच अळ्या बीजाच्या मिलनाशिवाय तयार होतात, म्हणून टाकीत एकच वसाहत असली तरी पिल्लं होतात. बहुतेक अळ्या लवकर बसतात, पण शंभर दिवसांनंतरही बसण्याची क्षमता टिकल्याचं प्रयोगात दिसलेलं आहे. त्यामुळे आईला तुम्ही दुसऱ्या टाकीत हलवलं तरी पुढचे दोन-तीन महिने नवे ठिपके दिसले तर चक्रावून जाऊ नका.

पण याच ठिपक्यांचं दुसरं कारण असू शकतं, आणि ते वाईट आहे. ताण आला की पोसिलोपोराचे पॉलिप सांगाडा सोडून एकेकटे निघून जातात. याला बेलआउट म्हणतात. वरवर दोन्ही सारखंच दिसतं: एक मिलिमीटरचे जीव पाण्यात तरंगतायत. फरक आईकडे बघून कळतो. आई गुबगुबीत, रंग जागेवर, पॉलिप बाहेर असतील तर ती विणीला आली आहे, आनंद माना. तिच्या अंगावरचे पॉलिप गायब होऊन खाली पांढराशुभ्र, स्वच्छ सांगाडा उघडा पडला असेल तर पिल्लांचा विचार सोडा आणि पाणी तपासा.

गेल्या मे महिन्यात माझ्याकडे हेच झालं. कोल्हापूरला लग्नाला गेलो, तीन दिवस घर बंद. पुण्याच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की पंखा लावलेल्या टाकीतून रोज पाच लिटर पाणी उडतं. उडालेलं पाणी भरून काढणारा टॉप-अपचा डबा पहिल्याच रात्री रिकामा झाला असणार. त्यात एका दुपारी चार तास वीज गेली, आणि इन्व्हर्टरवर फक्त पाणी हलवणारा वेव्हमेकर होता, पाणी गार ठेवणारा चिलर नव्हता. परत आलो तेव्हा क्षारता, म्हणजे पाण्यातलं मिठाचं प्रमाण, दर हजारी ३५ वरून ३७ च्या वर आणि तापमान साडेतीस. आईची वरची एक फांदी पूर्ण पांढरी. तरंगणारे पॉलिप गोळा करायला मी ड्रॉपर घेऊन अर्धी रात्र बसले. त्यातला एकही जगला नाही. तो वेळ मी आईला द्यायला हवा होता.

अशा वेळी आरओचं पाणी एकदम ओतू नका. क्षारता दिवसाला एक अंकापेक्षा जास्त खाली आणू नये, नाहीतर एका धक्क्यावर दुसरा बसतो. तापमानही हळूहळू २६ वर आणा, बर्फाच्या बाटल्या टाकून तासाभरात नव्हे. पाणी शुद्ध करणारा नवीन कार्बन घाला, प्रवाह चालू ठेवा आणि जिवंत फांद्यांना हात लावू नका. माझी आई-वसाहत वाचली. तिची पांढरी फांदी मी कापून टाकली, कारण मेलेल्या सांगाड्यावर शेवाळ चढतं आणि ते जिवंत भागाकडे सरकतं.

पाण्याबद्दल पुणेकरांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. महापालिकेचं धरणाचं पाणी आणि टँकरचं बोअरचं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. उपनगरातल्या ज्या सोसायट्यांमध्ये उन्हाळ्यात टँकर येतात तिथे आरओचा पडदा आणि उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन निम्म्या वेळात संपतं. ज्या दिवशी टँकर आला त्या दिवशी डीआयनंतरचं टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजा. शून्य नसेल तर ते पाणी टॉप-अपला वापरू नका. गुरुवारी पाणी बंद असेल तर बुधवारीच डबे भरून ठेवा.

कधी हलवायचं

ठिपका दोन-तीन मिलिमीटरचा असताना हलवायचा प्रयत्न करू नका. एकुलता पॉलिप ब्लेडखाली हमखास चिरडतो. आठ-दहा मिलिमीटरची चकती होऊ द्या. मध्ये पहिला उंचवटा वर यायला लागला की हाताळण्याइतका सांगाडा तयार झालेला असतो. अपवाद फक्त दोन: संपमधून पाणी वर आणणारा रिटर्न पंप आणि ओव्हरफ्लोची जाळी. तिथे वाढू दिलं तर जाळी चोंदते, पाणी चढतं आणि जमिनीवर येतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्यांच्या छताला ओल का आली हे समजावत बसण्यापेक्षा तो एक ठिपका गमावलेला बरा.

दुसरी घाई डंखाची. माझं दुसरं पिल्लू पुन्हा टॉर्चच्या शेजारीच आलं. टॉर्चची झाडू शुंडकं, म्हणजे डंखासाठी लांबवलेली शुंडकं, रात्री दहा-पंधरा सेंटिमीटरपर्यंत जातात आणि पोसिलोपोरा स्वतः फारसं कुणाला डंख मारत नाही, मार खातं. पिल्लाची टॉर्चकडची बाजू पांढरी पडायला लागली असेल तर आकाराची वाट न बघता आधी टॉर्चच हलवा. मोठ्या, चिकटलेल्या दगडासकट टॉर्च उचलणं सोपं असतं. शेजारी गॅलेक्सिया हे कोरल असेल तर पंधरा सेंटिमीटरही पुरत नाहीत, दुप्पट ठेवा.

कसं हलवायचं

आदल्या दिवशी क्षारकता, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं डीकेएच या एककातलं माप, तपासा; ही क्षारता नव्हे. ती आठ-नऊ डीकेएचच्या आसपास स्थिर असेल तरच हात घाला. कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३०० च्या जवळ असेल तर उत्तम, पण आकडा गाठण्यापेक्षा तो आठवडाभर हलला नाही हे जास्त महत्त्वाचं. पिल्लू जिथे आहे त्या जागेचा फोटो काढा आणि पाण्याच्या पृष्ठभागापासूनचं अंतर पट्टीने मोजून लिहा. प्रकाशमापक आपल्यातल्या फार थोड्यांकडे असतो, त्यामुळे हे अंतरच आपलं माप.

काचेवरचं पिल्लू असेल तर सगळे पंप बंद करा. नवं दाढीचं ब्लेड काचेला जवळजवळ आडवं टेकवून, बुडाखालून, करवतीसारखं न फिरवता एका दिशेने सरकवा. दुसऱ्या हातात खाली प्लॅस्टिकची नवी चहाची गाळणी धरा. हे घरातल्या कुणाला तरी धरायला सांगितलं तर आणखी बरं. आमच्याकडे गाळणी बाबांकडे असते. पिल्लू निसटून वाळूत पडलं तर ते सापडेपर्यंत पंप चालू करू नका. टाकी ॲक्रिलिकची असेल तर धातूचं ब्लेड वापरू नका, चरे पडतील. जुनं प्लॅस्टिकचं कार्ड कापून घ्या.

प्लॅस्टिकवरचं सगळ्यात सोपं. जाळीचा दात किंवा पंपाचं झाकण बाहेर काढून टाकीच्याच पाण्याच्या तसराळ्यात हलकेच वाकवलं की चकती सुटून येते.

दगडावरचं असेल तर कोरलला नाही, दगडाला कापा. हाडं कापायची कात्री किंवा छोटी छिन्नी घेऊन चकतीच्या कडेपासून किमान पाच मिलिमीटर सोडून दगडाचा तुकडा उचकटा. बोहरी आळीत साधी टणक छिन्नी सहज मिळते, वापरल्यावर गोड्या पाण्याने धुऊन पुसून तेल लावून ठेवा, नाहीतर दोन दिवसांत गंजते. दगड सुटतच नसेल तर जोर करू नका. तो दगडच मुळात हलवता येतो का ते बघा.

चिकटवायला पातळ सुपरग्लू चालत नाही, जेलच हवं. पिल्लाचं बूड टिश्यूने टिपा, वाटाण्याएवढं जेल लावा, पाच सेकंद पाण्यात बुडवा म्हणजे वर कातडी धरते, मग फ्रॅग प्लगवर, म्हणजे कोरलचा तुकडा (फ्रॅग) लावायच्या छोट्या खुंटीवर, किंवा दगडाच्या खडबडीत जागी किंचित फिरवत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. उभ्या दगडावर नुसतं जेल सुटतं. तिथे जेल, मग इपॉक्सी पुट्टी, मग पुन्हा जेल असा थर द्या. जेलचा पांढरा पापुद्रा जिवंत अंगावर येऊ देऊ नका.

आयोडीनचं स्नान घालावं का? आपल्याच टाकीतलं पिल्लू आपल्याच टाकीत ठेवताना मी घालत नाही. एवढ्याशा जिवाला तो उगाच ताण. दुसऱ्याकडून आलेल्या मोठ्या फ्रॅगला मात्र नक्की घाला, पण आधी फांद्यांमध्ये ट्रॅपेझिया खेकडा आहे का ते बघा. चकचकीत, वाटाण्याएवढा, फांद्यांच्या बेचक्यात बसलेला. तो पोसिलोपोराचा राखणदार आहे, शत्रूला चिमटे काढतो. त्याला स्नानाआधी ड्रॉपरने बाहेर काढा आणि नंतर परत सोडा.

नवी जागा आधीच्या उंचीवरच किंवा दोन-चार सेंटिमीटर खाली निवडा. वर न्यायचं असेल तर दोन आठवड्यांनी, टप्प्याटप्प्याने. प्रवाह मध्यम ते जोरदार आणि दिशा बदलणारा हवा. एकाच बाजूने सतत मारा झाला तर त्या बाजूचं अंग सुटतं. पहिले तीन-चार दिवस पॉलिप बंद राहतील. याच दिवसांत माणूस घाबरून पुन्हा जागा बदलतो आणि पिल्लू जातं. चिकटवलं की दोन आठवडे हात लावायचा नाही. बुडाकडून पांढरं वर चढायला लागलं तरच लक्ष घाला, आणि तेव्हाही आधी क्षारकता मोजा.

नको तिथे येऊ नये म्हणून

प्लॅन्युला कुठेही बसत नाही. गुलाबी-जांभळ्या कोरलाइन शैवालाच्या थरावर तिला बसायला आवडतं, आणि जाळी-पंपांवर तोच थर जमतो. म्हणून दर महिन्याला जाळी, वेव्हमेकर आणि रिटर्न पंप काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवा, मऊ ब्रशने घासा आणि भरपूर गोड्या पाण्याने धुवा. थर गेला, ठिपकेही गेले. हे सुरू केल्यापासून जाळीवर माझ्याकडे एकच पिल्लू आलंय. बाकीची दगडांवर येतात, तिथे ती मला हवीच आहेत.

आईच काढून टाका असा सल्ला बरेचजण देतात. मला तो पटत नाही. पुण्यात, समुद्रापासून इतक्या लांब, वीज आणि टँकर सांभाळत ठेवलेल्या काचेच्या पेटीत एक प्रवाळ विणीला येतं, यापेक्षा पाणी बरोबर असल्याचा दुसरा पुरावा कुठला?

पिल्लं मित्रांना द्यायची असतील तर कायदा नीट समजून घ्या. पोवळं म्हटलं की आपल्याला अंगठीतला लाल खडा आठवतो, पण २००१ पासून सगळी कडक प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणला स्नॉर्कलिंग करताना दिसलेला तुकडा, मेलेला का असेना, पिशवीत घालून आणणं गुन्हा आहे. परदेशातून आलेलं कडक कोरलही वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतं, म्हणून आयातीचे कागद मागून घ्या आणि जपून ठेवा. २०२४ च्या नियमांनुसार अशा जिवंत प्रजातींचा ताबा, हस्तांतर आणि जन्म यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची असते. फ्रॅग हातात देण्याआधी वनविभागात विचारा. कागद नसलेलं स्वस्त कोरल कुणी देत असेल तर घेऊ नका, ते कुठल्या खडकावरून तोडलंय हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

टॉर्चपासून हलवलेलं दुसरं पिल्लू आता उजव्या दगडावर आहे. चार सेंटिमीटरचं झालंय, फांद्या फुटल्यात. डंखाने पांढरी पडलेली बाजू तीन महिन्यांत भरून आली. बाबा रोज सकाळी चहा घेऊन भिंगासकट तिथे उभे असतात, आणि परवा त्यांनीच मला हाक मारून त्याच्या खाली, दगडाच्या सावलीत, नवा तपकिरी ठिपका दाखवला. टूथपिक लावून बघितलं. बूड टणक आहे.